दिवसाला दोन पॅसेंजर आणि एक कौलारू घर : अडीच वर्षं राहून झाल्यावरचा रिव्ह्यू

रिव्ह्यू कशाचा ते आधी सांगते, नाहीतर लोक विचारतात होमस्टेचं नाव काय आणि जेवण व्हेज की नॉनव्हेज. होमस्टे नाही. आम्ही डोंबिवलीतला आमचा वन बीएचके भाड्याने दिला आणि कोकण रेल्वेच्या एका छोट्या स्टेशनापासून साडेतीन किलोमीटरवर जुनं घर विकत घेतलं, आता तिथेच राहतो. तर हा रिव्ह्यू त्या घराचा आणि त्याला जोडून आलेल्या पॅसेंजर गाडीचा, कारण आमच्यासारख्यांना घर आणि गाडी वेगवेगळं घेता येत नाही, कॉम्बो पॅक आहे तो.

आमच्यासारखे म्हणजे कसे, तर हे रिटायर झालेले, मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रात्रीची गाडी चालवायची नाही म्हणून कार विकून टाकलेली. मी चार-पाच दुकानदारांचे हिशेब आणि जीएसटीचं काम घरून करते. माझी आई डोंबिवलीला भावाकडे, तिचं दर महिन्याला ठाण्याला चेकअप. म्हणजे शहर पूर्ण सोडता येत नाही आणि शहरात राहवत नाही, दोन्हीकडे एकेक पाय. पंधरा-वीस दिवसांतून एकदा मुंबई गाठता आली पाहिजे, ती पण स्वस्तात आणि बसून, एवढीच अट होती.

शोधायला सुरुवात केली कामशेतपासून. पुणे-लोणावळा लोकल आहे, मुलगा पुण्यात आहे, सगळं जमत होतं, पण तिथे घर म्हणजे एकतर बंगला प्लॉट नाहीतर शनिवार-रविवारच्या लोकांचे स्पीकर. आणि त्या लोकलला दुपारी मोठा गॅप असतो हे बाहेरच्याला माहीतच नसतं, सकाळची चुकली की दुपारपर्यंत बसा. मग पेण, नागोठणे बघितलं, डोंबिवलीजवळच्या दिवा स्टेशनहून रोह्याला जाणाऱ्या मेमूच्या लाईनवर. जागा छान होत्या, पण अटल सेतू व्हायचाच होता तेव्हा, आणि प्रत्येक दलाल "सेतू झाला की बघा" असं म्हणून भाव सांगायचा. आमचं बजेट पंचवीस लाख, त्यात दुरुस्ती धरून. मग सरकत सरकत खाली गेलो, माणगाव, वीर, करंजाडी, विन्हेरे, दिवाणखवटी, खेड. त्या पट्ट्यात कुठेतरी आहोत एवढंच लिहिते. स्टेशनचं नाव लिहिलं की खाली "किती गुंठे, काय रेट" चालू होतं.

आता मुख्य मुद्दा, जो आम्हाला घर घेण्याआधी कुणीही सांगितला नाही. सगळे विचारतात स्टेशन किती लांब. प्रश्न तो नाहीच. प्रश्न हा की गाडी कुठल्या वेळेला कुठल्या दिशेला जाते. आमच्याकडे थांबतात त्या दोन पॅसेंजर, दिवा-सावंतवाडी आणि दिवा-रत्नागिरी, जाऊन येऊन चार वेळा. एक्सप्रेस थांबत नाहीत, वंदे भारत तर अशी जाते की प्लॅटफॉर्मवरची पिशवी धरून ठेवावी लागते. तर बघा, सावंतवाडीवाली दिव्याहून सकाळी सहा-साडेसहाला सुटते, आमच्याकडे दहा-साडेदहाच्या आसपास येते, आणि सावंतवाडीहून येणारी तिची जोडीदार दुपारनंतर आमच्याकडून जाते आणि रात्री दिव्याला पोचते. म्हणजे मुंबईचा माणूस सकाळी निघून, गावात जेवून, आंबे घेऊन रात्री घरी. उत्तम. आता उलटं करा. रत्नागिरीहून येणारी सकाळी आम्हाला घेते, दुपारी दीड-दोनच्या सुमाराला दिव्याला सोडते, आणि परतीची दिव्याहून सुटते तीन-सव्वातीनला. म्हणजे गावच्या माणसाला शहरात मिळतात दीड तास, त्यात अर्धा तास दिव्याचा पूल चढण्या-उतरण्यात. त्या वेळात ठाण्याचं हॉस्पिटल सोडा, दिव्यात वडापाव खाऊन परत फिरावं लागतं.

थोडक्यात ही गाडी शहराने गावाला यावं म्हणून आहे, गावाने शहरात जाऊन कामं उरकावीत म्हणून नाही. टाइमटेबल आम्ही घर घेण्याआधी बघितलं होतं, पण बघितलं डोंबिवलीत बसून! दोन्ही गाड्या आम्ही इकडून तिकडे जाणाऱ्याच्या नजरेने वाचल्या आणि वा वा काय सोय आहे म्हणालो. राहायला गेल्यावर पहिल्याच महिन्यात कळलं की आता आपण दुसऱ्या टोकाला आहोत.

त्यामुळे मुंबईची प्रत्येक फेरी मुक्कामाची. आम्ही दोन रात्रींचा हिशेब धरतो. पहिल्या दिवशी दुपारी पोचायचं, दुसरा दिवस पूर्ण कामाचा, तिसऱ्या दिवशी दुपारची परतीची. नणंद डोंबिवलीत राहते म्हणून हे जमतं, तिच्याकडे माझे दोन ड्रेस आणि ह्यांच्या बीपीच्या गोळ्यांची एक पट्टी कायमची ठेवलेली आहे. ज्यांचं शहरात असं हक्काचं कुणी नाही त्यांनी आमची नक्कल करू नये, लॉजचा खर्च धरला तर तिकिटाची सगळी स्वस्ताई तिथेच संपते. तिकीट खरंच स्वस्त आहे, एका माणसाचं जायचं शंभराच्या आत. हे साठीच्या पुढचे, पण सीनियर सिटिझनची सवलत मार्च २०२० पासून बंद झालीय ती परत आलेली नाही, तरी या भाड्यात तक्रार करायला तोंड उघडत नाही. जनरलचं तिकीट मोबाईलवर निघतं, खिडकीवर जायलाच लागत नाही.

ही रत्नागिरी पॅसेंजर कोविडच्या आधी दादरपर्यंत जायची. जुने लोक अजून तिला दादर पॅसेंजरच म्हणतात आणि तो विषय निघाला की डब्यात अर्धा तास मीटिंग भरते. आम्हाला दिवा परवडतं कारण डोंबिवलीपर्यंत मध्ये एकच स्टेशन आहे, पण दादर-परळच्या हॉस्पिटलमध्ये जाणाऱ्या म्हाताऱ्यांना सामान घेऊन दिव्यात लोकल पकडायला लागते तेव्हा बघवत नाही. तुम्ही शहरात नक्की कुठल्या भागात जाणार आहात ते आधी ठरवा. घाटकोपरच्या पुढचं काम असेल तर खेडला जाऊन एक्सप्रेस पकडलेली बरी, मांडवी थांबते, कोकणकन्या थांबते, तुतारी रात्री बाराच्या सुमाराला दादरहून निघते ती पहाटे खेडला उतरवते. फक्त आमच्या घरापासून खेड म्हणजे रिक्षाने पाऊण तास आणि रिक्षाचं भाडं तिकिटाच्या कितीतरी पट.

आता घर. चिऱ्याच्या जाड भिंती, मंगलोरी कौलं, पुढे पडवी, आत माजघर, मागे न्हाणी, सहा गुंठे जागा, चार नारळ, एक रातांबा, एक फणस जो आमचा आहे की शेजारच्यांचा हे अजून ठरलेलं नाही पण दोघंही खातो. मे महिन्यात भर दुपारी आत पंखा न लावता झोप लागते, या एका गोष्टीसाठी घराला पैकीच्या पैकी. बाकी कौलारू घर म्हणजे पाळलेलं जनावर आहे, रोज बघावं लागतं. वानरं येतात आणि कौलांवरून अशी उड्या मारतात की दोन-चार तरी फुटतातच. दरवर्षी मे संपायच्या आत शाकारणी, म्हणजे कौलं नीट लावून, करून घ्यायची तर माणूस मिळत नाही, कारण गावातली तरुण पोरं सगळी मुंबईला, आणि आम्ही मुंबई सोडून इथे, हे त्यांना भयंकर विनोदी वाटतं. "वैनी, आमी तिकडं, तुमी हिकडं, उलटीच गंगा की वो," असं एक जण म्हणाला आणि हजार रुपये जास्त घेऊन गेला. वाळवीने माझं जुन्या फायलींचं एक कपाट फस्त केलं, तेव्हापासून कागद सगळे प्लॅस्टिकच्या पेटीत.

पाणी हा वेगळा किस्सा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणारा भाग, पागोळ्यांचा आवाज चार महिने कानात, आणि विहीर एप्रिलच्या शेवटी तळ दाखवते. पाऊस सगळा डोंगरावरून उतरून खाडीला जातो, जांभा पाणी धरून ठेवत नाही. घर बघायला आम्ही डिसेंबरमध्ये गेलो होतो, विहीर तुडुंब, मालकाने दोर सोडून दाखवला, आम्ही खूष. कुठलीही विहीर बघायची तर मे महिन्यातच बघा, आणि कुठलाही रस्ता बघायचा तर जुलैमध्ये. विकणारा नेमका उलटं करतो.

एक गोष्ट मात्र आम्ही शहाणपणाने केली. प्रत्येक गावात गेलो की पहिला प्रश्न, २२ जुलै २०२१ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं. महाडला सावित्रीचा आणि चिपळूणला वाशिष्ठीचा पूर आला ती तारीख त्या भागात कुणालाही विचारा, घराच्या भिंतीवर हात ठेवून दाखवतात, इथपर्यंत. एक सुंदर घर, बाजारपेठेला लागून, स्टेशनला शेअर रिक्षा, सगळं होतं, पण शेजारच्या आजींनी हात उंच करून दाखवला तो त्यांच्या डोक्याच्या वर होता. तिथून आम्ही चहा पण न घेता निघालो. आणि फक्त नदी बघून चालत नाही, मागचा डोंगरही बघायचा. त्याच दिवशी महाड तालुक्यातल्या तळीयेत दरड कोसळून अख्खी वाडी गेली. आमचं घर टेपावर, म्हणजे उंचवट्यावर आहे, मागे डोंगर आहे पण लांब, मध्ये शेतं. पावसात रात्री जाग आली की तरी मी खिडकीतून त्या दिशेला एकदा बघतेच.

कागदपत्रांत मात्र एकदा पोळलो. पहिलं जे घर पसंत पडलं होतं त्याच्या सातबाऱ्यावर तेवीस नावं. कोकणात हे कॉमन आहे, पणजोबांची जमीन, सामायिक, एक हिस्सेदार बोरिवलीला, एक बडोद्याला, एक कुवेतला, दोघांमध्ये पंचवीस वर्षं बोलणं नाही. दलाल म्हणाला सगळ्यांच्या सह्या मी आणतो, तुम्ही फक्त टोकन द्या, आम्ही एकवीस हजार दिले. सह्या सात आल्या. टोकनमधले दहा हजार परत मिळाले ते पण ह्यांनी त्याच्या दारात दोन वेळा उपास काढल्यावर. दुसरं म्हणजे घरपट्टी नावावर आहे याचा अर्थ घर नावावर आहे असा होत नाही, ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा दाखवून लोक "हे बघा मालकी" म्हणतात, ती मालकी नाही, पट्टी भरणाऱ्याची नोंद आहे. आणि जमीन शेतीची असेल तर शेतकरी असल्याशिवाय घेता येत नाही. ह्यांच्या नावावर साताऱ्याकडे वडिलोपार्जित पाच गुंठे आहेत, ज्याला आम्ही आयुष्यभर हसलो, त्या पाच गुंठ्यांवर आमचा शेतकरी दाखला निघाला. नाहीतर एनए म्हणजे बिगरशेती प्लॉट नाहीतर गावठाणातलं घर, एवढेच पर्याय उरतात. तालुक्याच्या गावच्या वकिलाने पंधरा हजार घेतले मालकीचे जुने कागद तपासायच्या सर्चचे, ते या सगळ्या व्यवहारातले सर्वात सत्कारणी लागलेले पैसे.

स्टेशन ते घर, साडेतीन किलोमीटर. नकाशावर काहीच वाटत नाही ना? सकाळच्या गाडीला हे सायकलवर बॅग टांगून सोडायला येतात, छान वाटतं, धुकं वगैरे. गंमत रात्री आहे. परतीची गाडी आमच्याकडे सातच्या सुमाराला यायला हवी, अंधार पडलेला, छोट्या स्टेशनवर उतरणारे आम्ही पाच-सहा जण, बाहेर ना टपरी ना दिवा. एसटी आहे पण वस्तीची, ती तोपर्यंत गावात पोचून ड्रायव्हर-कंडक्टर जेवायला बसलेले असतात. म्हणून रिक्षावाला बांधून ठेवलाय, दोनशे रुपये फेरी. सुरुवातीला मी माणगाव सुटलं की त्याला फोन करायचे, तो बिचारा येऊन तासभर डास मारत बसायचा. मग त्यानेच शिकवलं, "वीर सुटलं की करा वैनी, वीरच्या अलीकडचं काय धरू नका." कारण रोहा ते वीर डबल लाईन आहे, २०२१ मध्ये झाली, तिथपर्यंत गाडी वेळेत असते किंवा नसते ते कळतं, आणि वीरच्या पुढे सिंगल लाईन. सिंगल लाईनवर पॅसेंजर म्हणजे घरातली धाकटी सून, समोरून कोण येतंय, मागून कोण येतंय, सगळ्यांना आधी जाऊ द्यायचं आणि आपण बाजूच्या लूप लाईनला उभं राहायचं. हा कुणाचा दोष नाही, एकच रूळ आहे तर वीस मिनिटं, चाळीस मिनिटं थांबणं आलंच. ज्याला घड्याळ बघून जगायचं आहे त्याने इकडे येऊच नये. मी त्या वेळात दोन दुकानांचे हिशेब उरकते, बोगदा लागला की नेट जातं, बाहेर आलं की येतं, आता सवय झाली.

पहिल्या पावसाळ्यात एकदा चूक केली, रिक्षावाल्याला न सांगता आले, म्हटलं उतरून फोन करू. उतरले तेव्हा पावणेदहा, धो धो पाऊस, फोनला एक टक्का चार्जिंग, आणि रिक्षावाला गावात कुणाच्या तरी साखरपुड्याला. सोबत उतरलेल्या दोन कॉलेजच्या मुली आणि एक कोळीण मावशी, आम्ही चौघी बॅटरी धरून चालत निघालो. मावशी पुढे, काठी आपटत, सारखी मोठ्याने बोलत, मला वाटलं गप्पिष्ट आहे, नंतर कळलं सापासाठी. घरी पोचेपर्यंत सव्वाअकरा. हे पडवीत कंदील घेऊन बसलेले, कारण लाईट गेलेली. त्या रात्री मी "डोंबिवलीच्या भाडेकरूला नोटीस द्या" म्हणाले होते. सकाळी विसरले.

पावसाळ्यात टाइमटेबलच वेगळं असतं, जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत सगळ्या गाड्यांचा वेग कमी, वेळा बदललेल्या, ते आधी बघून घ्या. जुलै २०२४ मध्ये दिवाणखवटीच्या बोगद्याजवळ दरड आली तेव्हा जवळपास दिवसभर वाहतूक बंद होती. आईचं चेकअप त्याच आठवड्यात होतं, पुढे ढकललं. तेव्हापासून पावसाळ्यात आईच्या सगळ्या तारखा भावाच्या गळ्यात, मी फक्त रिपोर्ट बघायला फोनवर. रस्ताही आहे, कशेडीच्या बोगद्यामुळे घाट वाचतो, पण मुंबई-गोवा हायवेबद्दल मी काही लिहिणार नाही, त्यावर लिहून लिहून लोक म्हातारे झाले.

आणि गणपती. गणपतीत आणि शिमग्यात ही गाडी आमची राहत नाही. येताना दिव्यालाच भरते, आणि विसर्जनानंतर परत जाताना तर कुडाळ-कणकवलीपासूनच दारात माणसं लटकलेली, आमच्यासारख्या मधल्या स्टेशनवर दरवाजा आतून कुणी उघडतच नाही. खेडहून रिझर्व्हेशन करू म्हटलं तर नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवस आधी बुकिंग उघडतं, आणि त्या सकाळी चहा गाळेपर्यंत वेटिंग लागतं. आम्ही सरळ ठरवून टाकलंय, गौरी-गणपतीच्या आधी आठ दिवस आणि नंतर आठ दिवस गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या दिवसांत मुंबईच इकडे येते, ओळीने बंद असलेली घरं उघडतात, वाडीत रात्रभर भजन आणि जाखडी, मग एकदम शुकशुकाट. तो शुकशुकाट पहिल्या वर्षी फार अंगावर आला, हे सांगून ठेवते.

स्टार द्यायचेच तर घराला साडेचार, विहिरीला दोन, गाडीला तीन पण त्यातला एक स्टार डब्यातल्या बायकांचा आहे, ज्या करवंदं, उकडलेल्या शेंगा, काजूगर घेऊन चढतात आणि जागा नसेल तर मांडीवर टोपली ठेवून तुम्हाला बसवतात. स्टेशनबाहेरच्या अंधाराला शून्य.

परत घेतलं असतं का, हे नणंद दर फेरीला विचारते. घेतलं असतं, पण पॅसेंजरच्या स्टेशनपासून एक किलोमीटरच्या आत, नाहीतर सरळ खेडच्या जवळ, मधलं काही नाही. तसं एक घर आत्ता आमच्या शेजारच्या वाडीत विकायला निघालंय. मालकाने झाडाला बोर्ड लावलाय, "रेल्वे स्टेशनपासून चालत दहा मिनिटे". ह्यांनी घड्याळ लावून चालून बघितलं, नऊ मिनिटं लागली, खोटं काही नाही. फक्त ती वाट भाताच्या खाचरांच्या बांधावरून जाते आणि बोर्ड मेमध्ये लावलाय.